चार खोल्या, दहा वर्षं

इजिप्तमध्ये लक्सरला किंग्ज व्हॅलीत, म्हणजे राजांची थडगी असलेल्या दरीत, तुतनखामुनच्या ६२ नंबरच्या थडग्यात उतरलो तेव्हा आमच्या ग्रुपमधले एक काका माझ्या पाठोपाठच होते, ते आत आले, चारी बाजूंना एकदा बघितलं, "एवढंच?" म्हणाले आणि परत जिना चढायला लागले. वेगळं तिकीट काढून आले होते बिचारे. मला त्यांचं नवल वाटलं नाही कारण त्याच्या जस्ट आधी आम्ही शेजारचं रामसेस सहाव्याचं थडगं बघितलं होतं, ते शंभर मीटरच्या वर डोंगरात आत गेलेलं, भिंती छत सगळं रंगवलेलं, मान वर करून करून दुखायला लागते. आणि तिथून बाहेर येऊन जगातल्या सगळ्यात फेमस राजाच्या थडग्यात जावं तर काय, सोळा पायऱ्या, एक बोळ, चार छोट्या खोल्या, त्यातली फक्त एक रंगवलेली. तुतनखामुन अचानक गेला, वय अठरा-एकोणीस, राजाला शोभेल असं मोठं थडगं तयार नव्हतं म्हणून मिळालं त्यात भागवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आई मात्र निघेना. ती त्या काचेच्या पेटीपाशी उभी होती. त्याची ममी अजून तिथेच आहे, कापडाखाली झाकलेली, फक्त काळा पडलेला चेहरा आणि पावलं दिसतात. आई त्या पावलांकडे बघत होती. म्हणाली, "केवढासा पोरगा गं हा." मग थोड्या वेळाने, "आणि एवढ्याशा खोल्यांमध्ये ते सगळं मावलं कसं?"

हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला ना! कारण मी आठवीत असल्यापासून याच गोष्टीच्या मागे आहे आणि घरात कोणी मला हे कधी विचारलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर मी आईला जे सांगत सुटले तेच इथे लिहितेय, थोडं सविस्तर.

मावलं कसं याचं उत्तर म्हणजे कोंबून. पाच हजारांच्या वर वस्तू. पलंग, रथ मोडून ठेवलेले, पेट्यांवर पेट्या, खुर्च्या, धनुष्यं, मांसाच्या पेट्या, वाईनचे घडे, लहानपणीचे कपडे. अडगळीच्या खोलीसारखं एकात एक अडकलेलं. आणि ते बाहेर काढायला दहा वर्षं लागली. दहा! १९२२ ला सापडलं आणि शेवटच्या वस्तू कैरोला पोचल्या तेव्हा १९३२ साल उजाडलं होतं. सोन्याच्या मुखवट्याबद्दल सगळे बोलतात, मलाही तो आवडतो, पण माझ्यासाठी त्या थडग्याची खरी कमाई ही दहा वर्षं आहेत. हे का म्हणते ते कळायला आधी ४१ वर्षं मागे जावं लागेल, १८८१ ला.

नाईलच्या पश्चिमेला देर अल-बहारीजवळ डोंगरात एक उभी विहिरीसारखी खोल खोबण आहे. कुर्ना गावातल्या अब्द अल-रसूल घराण्याच्या भावांना ती आधीच सापडली होती आणि काही वर्षं ते त्यातल्या वस्तू गुपचूप, एकेक करून विकत होते. बाजारात राजघराण्यातली नावं असलेल्या वस्तू यायला लागल्या तसा पुराणवस्तू खात्याला संशय आला, भावांना धरलं, मारहाण झाली, शेवटी घरातच फूट पडून एका भावाने जागा दाखवली. खात्याचा प्रमुख मास्पेरो तेव्हा इजिप्तमध्ये नव्हता, त्याचा सहकारी एमिल ब्रुग्श ६ जुलै १८८१ ला दोराला धरून खाली उतरला आणि बघतो तर काय, एकामागे एक शवपेट्या आणि त्यांवर ती नावं. सेती पहिला. रामसेस दुसरा. थुतमोस तिसरा. अहमोस. ज्यांची नावं देवळांच्या भिंतींवर वाचत आले ते राजे समोर आडवे पडलेले, चाळीसच्या वर ममी, बोळात आणि आतल्या खोलीत रचलेल्या.

ते तिथे कसे आले? तर तीन हजार वर्षांपूर्वी राजांची मूळ थडगी लुटली जायला लागली तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांनी ममी उचलल्या, फाटलेल्यांना नवीन कापडात गुंडाळलं आणि लपवून ठेवल्या. आणि (हे मला फार आवडतं) त्यांनी शाईने नोंदी केल्या! कापडावर, शवपेटीवर, की हा अमुक राजा, अमुक वर्षी अमुक दिवशी इथून उचलून तिकडे ठेवला. रामसेस दुसऱ्याच्या पेटीवर तर तो मधल्या काळात बापाच्या म्हणजे सेतीच्या थडग्यात होता हेही लिहिलंय. आज आपण या ममींना नावं देतो ती मुख्यतः त्या पुजाऱ्यांच्या नोंदींवरून.

आणि ब्रुग्शने काय केलं तर शेकडो मजूर लावून दोनेक दिवसांत सगळी जागा रिकामी केली. आतला एक फोटो नाही. नकाशा नाही. कोणाची पेटी कोणाच्या शेजारी होती, कुठली वस्तू कोणाच्या पायाशी पडली होती, काही नाही. गावकरी हल्ला करतील ही भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, हे मला मान्य आहे, पण दोन दिवस! तीन हजार वर्षं टिकलेली मांडणी दोन दिवसांत गेली आणि आता ती कुठल्याही मशीनने परत येणार नाही. बोट ममी घेऊन नाईलमधून कैरोकडे निघाली तेव्हा काठावर बायका केस मोकळे सोडून रडत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते, अंत्ययात्रेला करतात तसं. हे वाचते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

आता परत १९२२. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर १९१७ पासून श्रीमंत हौशी लॉर्ड कार्नारव्हनच्या पैशावर दरीत खणत होता, हाती विशेष काही लागत नव्हतं, पैसे देणाऱ्याचा धीर सुटत आलेला, हा शेवटचा सीझन असं ठरलेलं. रामसेस सहाव्याच्या थडग्याखाली जुन्या कामगारांच्या झोपड्यांचे पाये होते, ते हलवले आणि ४ नोव्हेंबरला खडकात कोरलेली पहिली पायरी लागली. त्या झोपड्यांमुळेच खालचं थडगं विसरलं गेलं आणि वाचलं. २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दाराला भोक पाडून मेणबत्ती आत धरली ती गोष्ट सगळ्यांना माहितीये.

पण त्यानंतर काय झालं हे फार कमी लोक सांगतात. त्यानंतर महिनाभर त्यातली एकही वस्तू हलली नाही. आधी मदत मागवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची माणसं त्याच भागात काम करत होती, त्यांच्याकडून फोटोग्राफर हॅरी बर्टन आणि वस्तू सांभाळण्यात तरबेज आर्थर मेस आले, इजिप्त सरकारचा केमिस्ट आल्फ्रेड लुकास आला. शेजारचं ५५ नंबरचं थडगं बर्टनची डार्करूम झालं, सेती दुसऱ्याचं थडगं प्रयोगशाळा. आणि मुकादम अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद, हुसेन अहमद सईद, ज्यांची नावं कार्टरने स्वतः आभार मानून लिहून ठेवलीत पण आपण कोणी घेत नाही, त्यांच्या माणसांशिवाय यातलं काही म्हणजे काही झालं नसतं.

पद्धत अशी. आधी खोली जशी आहे तशी फोटोत घ्यायची. मग प्रत्येक वस्तूपाशी नंबराचं कार्ड ठेवायचं आणि परत फोटो. मग मापं, चित्र, वर्णन. मग उचलायची. २७ डिसेंबरला पहिली वस्तू बाहेर आली, ती रंगवलेली लाकडी पेटी ज्यावर राजा रथातून शत्रूंवर बाण सोडतोय. तिच्यात वरती चपला आणि खाली कपडे कोंबलेले होते, आणि ती एक पेटी तळापर्यंत रिकामी करायला तीन आठवडे लागले. एक पेटी, तीन आठवडे. कारण कापड बोट लावलं की भुकटी.

आणि चप्पल. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बसमध्ये सरळ होऊन बसली. मण्यांच्या नक्षीची चप्पल जमिनीवर पडलेली, बघायला एकदम धडधाकट, पण मणी ज्या दोऱ्यात ओवलेत तो दोरा कधीच कुजून गेलेला. मणी फक्त एकमेकांना टेकून जागेवर आहेत. उचलायला गेलं की हातात मूठभर सुटे मणी आणि चप्पल गायब. मग ते काय करायचे तर तिथेच स्पिरिटचा स्टोव्ह पेटवायचा, पॅराफिनचं मेण वितळवायचं, चपलेवर सोडायचं आणि तास-दोन तास थांबायचं. मेण घट्ट झालं की अख्खी चप्पल उचलता येते. फुलांचे गुच्छ होते त्यांच्यावर सेल्युलॉइडचं पाणी तीनतीनदा फवारायचे मग हात लावायचा. कुठे मेण, कुठे सेल्युलॉइड हे वस्तू बघून ठरवावं लागायचं आणि चुकलं तर दुसरा चान्स नाही.

आई म्हणाली, "माझ्या आईच्या तोरणासारखं."

आजीने केलेलं काचेच्या मण्यांचं तोरण आमच्याकडे आहे, मोर आणि हत्ती असलेलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. माझ्या मुंजीएवढ्या भावाने एकदा दिवाळीत ते ओढून काढलं आणि एका टोकाचा हत्ती सगळा जमिनीवर सांडला होता. उरलेलं तेव्हापासून एका डब्यात जुन्या साडीच्या तुकड्यात आहे आणि आई त्याला हात लावत नाही. ती मला म्हणाली की दोरा कुजला की मणी असूनही नक्षी नसते, नक्षी दोऱ्यात असते. मी इतकी वर्षं या विषयावर वाचतेय पण उत्खननाच्या नोंदी कशासाठी करतात हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

कारण बघा ना, त्या पहिल्या खोलीत एका कापडाच्या गाठीत सोन्याच्या आठ अंगठ्या सापडल्या. नुसत्या अंगठ्या म्युझियमात ठेवल्या असत्या तर त्या अंगठ्या. पण त्या गाठीत बांधलेल्या होत्या आणि घाईघाईने एका पेटीत कोंबलेल्या होत्या, म्हणजे ते चोराचं गाठोडं! दफनानंतर थोड्याच वर्षांत दोनदा चोर शिरले होते, बहुधा पकडले गेले किंवा टाकून पळाले, आणि नंतर आवराआवर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते गाठोडं तसंच आत सारून दार परत लिंपलं. सुगंधी तेलाच्या भांड्यांत आतून बोटांच्या खुणा होत्या, चोरांनी महागडं मलम खरवडून नेलं त्याच्या. हे सगळं आपल्याला कळतं ते वस्तूंमुळे नाही, त्या कुठे आणि कशा पडल्या होत्या ते कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

पहिल्या सीझनच्या पॅकिंगलाच मैलभराहून लांब कापूस आणि मांजरपाटाचे बत्तीस गठ्ठे लागले. मग मे महिन्यात, म्हणजे तिथला मे, ते सगळं नदीपर्यंत न्यायचं होतं साडेपाच मैल. हाताने ढकलायच्या छोट्या वॅगनी आणल्या पण रूळ पुरेसे नव्हते, त्यामुळे पन्नासेक मजूर वॅगनी पुढे गेल्या की मागचे रूळ उचलायचे आणि पुढे नेऊन टाकायचे, परत ढकलायचं, परत मागचे उचलायचे, तापलेलं लोखंड हातात धरून. पंधरा तास चाललं ते काम.

सगळं छानच झालं असं मला म्हणायचं नाहीये. १९२४ च्या फेब्रुवारीत दगडी शवपेटीचं टनाहून जड झाकण दोरांवर उचललं आणि दुसऱ्याच दिवशी कार्टरचं सरकारशी भांडण झालं, त्याने काम बंद केलं आणि झाकण तसंच लटकत ठेवून निघून गेला. वर्षभराने परत आला. इजिप्त १९२२ लाच नावापुरतं का होईना स्वतंत्र झालं होतं, हा खजिना आमचा आहे असं तिथली माणसं म्हणत होती आणि ते अगदी बरोबर होतं. खजिना देशाबाहेर गेला नाही याचं श्रेय त्या आग्रहाला आहे. तरी काही बारीकसारीक वस्तू बाहेर गेल्याच, मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यातल्या एकोणीस परत द्यायचं २०१० मध्ये जाहीर केलं.

आणि ममीचं जे झालं ते तर वाचवत नाही. एकात एक तीन शवपेट्या, सगळ्यात आतली भरीव सोन्याची, ११० किलोची. दफनाच्या वेळी तिच्यावर आणि ममीवर बादल्याबादल्या राळ ओतली होती, ती दगडासारखी घट्ट होऊन सगळं एकमेकांना चिकटलेलं. उन्हात ठेवून बघितलं, काही झालं नाही. शेवटी नोव्हेंबर १९२५ मध्ये डॉक्टर डग्लस डेरी आणि डॉक्टर सालेह हमदी यांनी ममी पेटीतच ठेवून तपासणी केली. डोकं मुखवट्यात अडकलेलं होतं ते तापवलेल्या सुऱ्यांनी सोडवलं. शरीराचे तुकडे झाले. मग ते वाळूच्या ट्रेमध्ये नीट मांडून, अख्खं आहे असं दिसेल अशा बेताने, परत थडग्यात ठेवलं. चप्पल उचलायला तास तास थांबणारी माणसं, आणि हे. मला या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल मनात ठेवायला अजूनही जड जातं.

१९६८ मध्ये लिव्हरपूलचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक हॅरिसन थडग्यातच एक्स-रे मशीन घेऊन आले तेव्हा कळलं की काय काय मोडलंय, छातीचं हाड आणि पुढच्या बरगड्याच नव्हत्या. त्या एक्स-रेमध्ये कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि झालं, डोक्यात घाव घालून राजाचा खून झाला ही स्टोरी जी सुरू झाली ती आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. प्लीज फिरवू नका! जानेवारी २००५ मध्ये ममीचा सीटी स्कॅन झाला, दरीत थडग्याबाहेर ट्रेलरमध्ये मशीन उभं करून, सतराशेच्या आसपास इमेजेस घेतल्या आणि त्यात दिसलं की ते तुकडे सुटे आहेत, कवटीत ओतलेल्या राळेत रुतलेले नाहीत. घाव जिवंतपणी बसला असता तर नंतर ओतलेल्या राळेत ते चिकटले असते ना. म्हणजे ते तुटले ममी झाल्यानंतर. खुनाचा पुरावा नाही. उलट डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलेलं दिसलं आणि ती जखम मरणाच्या थोडीच आधीची असू शकते. २०१० मध्ये डीएनएचे निकाल छापले गेले, मलेरियाच्या खुणा निघाल्या, आणि ५५ नंबरच्या थडग्यातला माणूस त्याचा बाप ठरला. हो, तेच ५५, बर्टनची डार्करूम. इतक्या जुन्या आणि इतक्या हाताळलेल्या ममीच्या डीएनएवर किती भरवसा ठेवायचा यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, तेव्हा ते निकाल मी तरी पेन्सिलीने लिहिलेले समजते.

ममीच्या मांडीपाशी कापडात गुंडाळलेला लोखंडी खंजीर होता, गंजच नाही. २०१६ मध्ये एक्स-रे फ्लुरोसन्सने, म्हणजे ओरखडाही न काढता, पात्यातलं निकेल मोजलं ते अकरा टक्क्यांच्या आसपास निघालं, कोबाल्टही होतं. हे उल्केचं लोखंड. आकाशातून पडलेलं. इजिप्तमध्ये खनिजातून लोखंड गाळायची विद्या रुळायच्या आधीचा खंजीर.

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते भिंतीवरचे तपकिरी ठिपके. तुम्ही गेलात तर नक्की बघा, चित्रांवर सगळीकडे गोल गोल डाग आहेत. लोकांना वाटायचं टुरिस्टांच्या श्वासाने, घामाने बुरशी वाढतेय. अमेरिकेच्या गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने २००९ पासून दहा वर्षं इजिप्तच्या लोकांबरोबर तिथे काम केलं. त्यांनी आजच्या भिंती बर्टनच्या जुन्या फोटोंशी ताडून बघितल्या आणि ठिपका न ठिपका तिथेच, तेवढाच! शंभर वर्षांत एकही वाढला नाही. बुरशी कधीच मेलेली. कदाचित राजाला इतक्या घाईने पुरलं की भिंतीचा रंगही ओला होता. आणि हे सिद्ध करायला लॅबच्या जोडीला लागले ते शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने शेजारच्या थडग्यात अंधारात बसून धुतलेले काचेचे निगेटिव्ह.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली की थुतमोस दुसऱ्याचं थडगं सापडलं. प्रवेशद्वार २०२२ मध्येच दिसलं होतं पण आत पुराचा गाळ दगडासारखा भरलेला, तो काढत काढत गेले तेव्हा निळ्या छतावर पिवळ्या चांदण्या दिसल्या, राजाच्या थडग्याची खूण. वस्तू जवळपास नाहीतच, अलाबास्टरच्या भांड्यांचे तुकडे, त्यांवर त्याचं आणि राणी हत्शेपसुतचं नाव. (तुतनखामुननंतर सापडलेला पहिला राजा असं सगळीकडे छापलं ते खरं नाही, इजिप्तमध्येच तानिसला फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मॉन्टेने १९४० मध्ये सुसेनेस पहिल्याची चांदीची शवपेटी काढली होती, युद्धाच्या बातम्यांत तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.) आणि थुतमोस दुसऱ्याची म्हणून ओळखली जाणारी ममी कुठे आहे माहितीये? कैरोला. १८८१ मध्ये ब्रुग्शने त्या दोन दिवसांत बाहेर काढलेल्यांपैकी ती एक. आधी माणूस मिळाला, १४१ वर्षांनी घर. मधल्या प्रवासाचे धागे जुळवायला कामाची आहे ती पुजाऱ्यांची शाई, ब्रुग्शच्या मजुरांनी काय कुठून उचललं त्याची तर नोंदच नाही.

तुतनखामुनच्या थडग्याची कार्टरने केलेली सगळी कार्डं आता ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ऑनलाइन टाकलीत, फुकट. पेन्सिलीची चित्रं, मापं, खाडाखोड, सगळं. मी परत आल्यावर आईला लॅपटॉपवर दाखवली. तिला इंग्रजी अक्षर लागत नव्हतं पण मण्यांच्या ओळी कशा मांडल्यात ती चित्रं ती झूम करकरून बघत होती, इथे तीन निळे मग एक पिवळा असं मोजत.

गेल्या रविवारी तिने तो डबा काढला. मी लगेच साडीची घडी उलगडायला गेले तर माझा हात धरला. "थांब. आधी फोटो काढ. वरून एक, बाजूने एक." मग देवघरातून माझी शाळेतली सहा इंची पट्टी आणली, तोरणाशेजारी ठेवली, कागदाच्या चिठ्ठीवर १ लिहिलं आणि सांडलेल्या हत्तीच्या मण्यांपाशी ठेवलं. दुसऱ्या चिठ्ठीवर २, ती मोरापाशी. दुपारचे तीन वाजले होते, संध्याकाळपर्यंत आम्ही नऊ नंबरपर्यंत पोचलो आणि अजून एकही मणी उचललेला नाहीये.